थर्मोस्टॅट काढला की ट्रॅक्टर गार? कुणी सांगितलं?

परवा रात्री निफाडहून मामांचा फोन. "काढून टाकला बरं का तो थर्मोस्टॅट, आता बघ कसा गार चालतो." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनच्या पाण्याच्या वाटेतली छोटी झडप, पाणी गरम झालं की उघडणारी. मी कुर्ल्याला गाडीत चढत होतो, गर्दीत नीट ऐकूही येईना. घरी येऊन बघतो तर आमच्याच फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड, त्यावर मी न वाचता अंगठा दिलेला. म्हणजे थोडं पाप माझंही.

मामांकडे जुना बी-२७५ आहे. १९६३ साली निघालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा, कांदिवलीचा माल, म्हणजे माहेर मुंबईच. सोयाबीनच्या मळणीला थ्रेशरवर लावला की हल्ली तापमानाचा काटा लालमध्ये जायचा. त्यावर फॉरवर्डने चार उपाय सांगितले: थर्मोस्टॅट फेकून द्या. इंजिन तापलं की लगेच रेडिएटरचं झाकण उघडा, वाफ जाऊ द्या आणि गार पाणी ओता. कूलंट ही लूट आहे, बोअरचं पाणी बेस्ट. आणि रेडिएटरच्या जाळीवर ओलं गोणपाट टाका.

आधी ते झाकणाचं, कारण बाकीच्या मूर्खपणात इंजिन जातं, ह्यात माणूस भाजतो. "वाफ जाऊ द्या" म्हणे! अहो ती आत वाफ नसतेच बहुतेक, पाणीच असतं, दाबामुळे न उकळलेलं. झाकण ७ पौंडाचं, म्हणजे तेवढा दाब आत धरून ठेवणारं, असेल तर आतलं पाणी १११ डिग्रीपर्यंत गप्प बसतं. झाकण फिरवलं की दाब गेला, उकळायची हद्द परत १०० वर आली, आणि ते जास्तीचं ११ डिग्री एका झटक्यात बाहेर पडायला बघतं. १० लिटर पाण्यातलं जेमतेम २०० मिली वाफ झालं तरी ती ३०० लिटरच्या वर होते, आणि ती येताना उरलेलं उकळतं पाणी घेऊन येते, सरळ तोंडावर. माझ्या डाव्या मनगटावर सुपारीएवढा पांढरा डाग आहे, बाबांच्या फियाटने कसारा घाटात दिलेला. फडकं होतं हातात. एकदम गरकन फिरवलं, बस.

आणि त्यात वर गार पाणी! बिडाचं हेड तापून लाल व्हायच्या बेतात आणि तुम्ही बोअरचं बादलीभर ओतणार, तडा गेला की मग बसा हेड शोधत भंगारात. काटा चढला की आधी थ्रेशर सोडवा, बेल्ट धड असेल आणि पाणी पूर्ण गेलं नसेल तर इंजिन स्लोवर राहू द्या, पंप-पंखा चालू राहतात. मग बंद करा, चहा प्या, अर्धा तास. वरचा होज पाईप हातात धरवला तरच जाड फडकं घेऊन झाकण पहिल्या खाचेपर्यंत, फुस्स थांबेस्तोवर, आणि मग पुढे. पाणी घालायचं ते इंजिन चालू ठेवून, हळूहळू.

आता थर्मोस्टॅट. लोकांना वाटतं ते पाण्याच्या वाटेतलं बूच आहे. अहो ते ७५-८० डिग्रीच्या आसपास आपोआप उघडतं, इंजिन तापलेलं असताना ते उघडंच असतं, मग काढून मिळालं काय? मिळालं एवढंच की हलक्या कामाला इंजिन तापतच नाही नीट. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही, भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं, पाणी सुटून चिखल होतो. ब्रिटनमध्ये सी. जी. विल्यम्स नावाच्या संशोधकाने १९३० च्या दशकात हेच मोजलं होतं: सिलिंडरच्या भिंती थंड असल्या की झीज झपाट्याने वाढते, आणि ती घासून कमी, गंजून जास्त, कारण जळण्यातून तयार होणारं आम्ल थंड भिंतीवर दवासारखं बसतं. हे मुख्यतः पेट्रोल इंजिनांवरचं होतं आणि आता डिझेलमधलं गंधक पूर्वीच्या मानाने नगण्य आहे, हे मान्य. पण पाणी आणि पातळ ऑईल तर आहेच की. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅटच बायपासची, म्हणजे पाणी जाळी टाळून परत इंजिनात नेणारी, वाट बंद करतो तिथे तो काढला की निम्मं पाणी जाळीत न जाता तसंच फिरत राहतं, म्हणजे लोडवर उलट जास्त तापायचं!

तो बिघडलाय का हे कळायला दहा मिनिटं लागतात. मी मागे मामांचाच एक आमच्या किचनमध्ये तपासला होता, दोऱ्याने पातेल्यात सोडून, शेजारी थर्मामीटर. ७६ ला हलला, पुढे पूर्ण उघडला. आईने ते पातेलं नंतर चहाला घेतलं नाही तो भाग वेगळा.

कूलंटचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने सांगतो. नुसतं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, आणि गोठायची भीती निफाडच्या थंडीतही नाही म्हणा. पण कूलंट आपल्याकडे गंजासाठी घालायचं. आणि बोअरचं पाणी? आमच्या सोसायटीत तानसा-वैतरणाचं पाणी येतं तोवर गीझर वर्षानुवर्षं चालतो, टँकर-बोअर सुरू झालं की कॉइलवर चुन्याचा जाड थर. तोच थर हेडच्या भोवती बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, एवढंच.

गोणपाटावर काय बोलू. जाळीतून हवा जायची असते, ती अडवून थंड कसं होणार?

मामांना व्हिडिओ कॉलवर जाळीपुढे टॉर्च धरायला लावला तर पलीकडचा उजेड दिसेना. सोयाबीनचा भुसा आणि ग्रीसचा लगदा, अख्खा नमदा झालेला. पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारून, मग पाण्याने धुतला. थ्रेशर दोन तास चालला, काटा मधेच. थर्मोस्टॅट मामींनी फ्रीजवर ठेवलाय म्हणे, फेकलेला नाही. तो परत बसवायला लागणारं गॅस्केट शनिवारी सीएसटी रोडवरून घेऊन पाठवतो.