एक पिन, दोन पिना

म्युझिक सिस्टीम बनवणाऱ्यांनी सगळी कलाकुसर पुढच्या बाजूला केलेली असते. चकचकीत नॉब, नाचणाऱ्या काट्यांचे मीटर, निळा दिवा. आणि जिथे माणसाला खरं काम पडतं ती बाजू भिंतीकडे. तिथे काय लिहिलंय ते वाचायचं तर बॅटरी हवी, चष्मा हवा आणि कपाट पुढे ओढायला घरात जावई हवा. आमचा जावई पुण्यात असतो.

ही सिस्टीम माझ्या सासऱ्यांची. घरात सासऱ्यांचा फोटोही आहे, पण त्याच्यापेक्षा सिस्टीमपुढेच जास्त वाकणं होतं, कारण धूळ तिच्यावर जास्त बसते. वाकणारी अर्थात मी. विकायचा विषय काढला की हे एकदम गप्प होतात आणि जेवताना भाजीला नावं ठेवतात.

तर भाच्यानं मला त्याचा जुना आयपॉड दिला. २०२२ मध्ये कंपनीनं आयपॉड बनवणंच बंद केलं, म्हणजे आता तो मामीला देण्याइतका जुना झाला होता. आत हजारो गाणी. पण कानात बोंडं घालून स्वयंपाक केला की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत आणि वरणाचा लगदा होतो. म्हटलं, हा सिस्टीमला जोडून द्या.

"दोन मिनिटांचं काम," हे म्हणाले. यांची दोन मिनिटांची कामं मी शनिवारी सकाळी काढते. रविवार हाताशी राहतो.

पहिला उपाय बिनवायरचा. मुलाच्या जुन्या गाडीतला एफएम ट्रान्समीटर यांनी शोधून काढला. तो आयपॉडला लावायचा, त्यावर एक आकडा धरायचा, सिस्टीमच्या रेडिओवर तोच आकडा लावायचा, की गाणं हवेतून येतं. यांनी आकडा धरला तो नेमका १०१.४ च्या शेजारचा. तिथे आमची नाशिक आकाशवाणी. मग नायिका "ये ना" म्हणाली की पाठोपाठ भारदस्त आवाजात द्राक्षावरच्या भुरीला कोणती फवारणी करावी ते येई. मला त्यातलं बरंचसं उपयोगी वाटलं, पण आमची बाग नाही.

कपाट सरकल्याचा आवाज खालच्या मजल्यावर गेला आणि अण्णा वर आले. अण्णा ओझरच्या एचएएलमधून निवृत्त. मिग विमानांच्या वायरिंगमध्ये त्यांची नोकरी गेली.

"वहिनी, आम्ही विमानं उडवलीत. हे काय आहे!"

विमान कुणी कपाटामागे ठेवत नाही, हे मी बोलले नाही. ते चहा घेणार होते, आणि चहा घेणाऱ्या माणसाला मी उलट बोलत नाही.

मागे लाल-पांढऱ्या भोकांच्या जोड्या निघाल्या. लाल उजवं, पांढरं डावं. वर नावं: फोनो, ट्यूनर, टेप, ऑक्स. आयपॉडला मात्र एकच भोक, साडेतीन मिलिमीटरचं. म्हणजे एका टोकाला एक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन, अशी वायर हवी. ती आणायला मला एम. जी. रोडला पाठवलं, कारण दोघंही तज्ज्ञ होते आणि तज्ज्ञांनी जागा सोडायची नसते.

दुकानातल्या पोरानं मान वर न करता विचारलं, "मेल की फिमेल?"

या वयात मला हा प्रश्न कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "दिसत नाही का?" त्यानं शांतपणे दोन वायरी पुढे केल्या. एकीला पिना होत्या, दुसरीला भोकं. पिनांची वायर घेतली. घासाघीस करून स्वस्तातली घेतली, हेही सांगते, कारण पुढे त्यावर बरीच चर्चा झाली.

ऑक्समध्ये टीव्ही जोडलेला. तो काढायचा प्रश्नच नव्हता, मॅच होती. मोकळं होतं ते फोनो. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि घातल्या पिना त्यात.

जे झालं त्यानं खिडकीतली कबुतरं उडाली ती थेट गंगेच्या पलीकडे पंचवटीत उतरली असतील. फोनो म्हणजे रेकॉर्ड प्लेयरची जागा. सुईतून येणारा सिग्नल अगदी दुबळा, काही मिलिव्होल्टचा, म्हणून या भोकामागचं सर्किट त्याला आधी कित्येक पट मोठा करतं. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी ठेवतात, तो हे सर्किट भरून काढतं. आयपॉडचा सिग्नल आधीच व्होल्टाच्या आसपास, खर्ज पुरेपूर. कुजबुज ऐकायला पुढे केलेल्या कानात नाशिक ढोलाचं अख्खं पथक शिरावं, तसा प्रकार. अण्णा म्हणाले, "सर्किट जिवंत आहे." खालून त्यांच्या सौभाग्यवती ते अजून जिवंत आहेत का बघायला आल्या.

मॅच संपली, आपण हरलो, ऑक्स मोकळं झालं. पिना घातल्या. गाणं लागलं. व्हायोलिनं आली, बासरी आली, कोरसही आला. गाणारी आली नाही. तिच्या आवाजाचा नुसता घुमारा मागे कुठेतरी राहिला होता. यांनी बास फिरवला, ट्रेबल फिरवला, बॅलन्स या टोकाचा त्या टोकाला नेला. बाई गायबच.

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "कॉमन तुटलाय."

पिनेचे तीन भाग असतात. टोक डाव्या बाजूचं, मधली कडी उजव्या बाजूची आणि बूड दोघांचं सामाईक. ते सामाईकच तुटलं की सिस्टीमला फक्त डाव्या-उजव्यातला फरक पोचतो. गाणारीचा आवाज दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो. सारख्यातून सारखं वजा. एवढं सोपं करून सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की ती विमानं खरंच उडाली असतील.

मी वायर बदलून आणायला पिशवी घेतली, तर अण्णांनी ती वायर खिशात घातली. "वहिनी, ही राहू द्या. कोजागरीला कराओके भाड्यानं आणायला नको."

कोजागरीला सिस्टीम गच्चीवर गेली. माइकचं भोक तिला होतंच. दूध आटलं, अण्णा उभे राहिले आणि दोन-तीन गाणी खरोखर छान झाली. मग वरच्या मजल्यावरच्या आजींनी त्यांच्या लग्नाच्या वेळचं एक गाणं मागितलं. स्टिरिओ रेकॉर्डी जगाच्या बाजारात आल्या त्याच १९५८ च्या सुमारास, आणि आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं गाणी मोनोच निघत होती. मोनो म्हणजे डावं तेच उजवं. वजाबाकी शून्य.

यांनी बटण दाबलं. स्पीकरमधून बारीक खरखर आली आणि बाकी काहीच नाही. अण्णांनी डोळे मिटलेले, हातात माइक. सुरुवातीचं संगीत संपलं असावं अशा अंदाजानं त्यांनी सुरू केलं आणि मधल्या तुकड्यांना पायानं ठेका धरत तिन्ही कडवी निभावून नेली.

"सिस्टीम झकास आहे हो तुमची," आजी मला म्हणाल्या. "मधेमधे वाजत नाही."