रांगोळीचा डबा आधी त्यांच्या हातात द्या

गावोगावी पाण्याच्या बैठका घेते. सुरुवातीला मीच उभी राहून बोलायचे, चार्टपेपरवरही मीच लिहायचे. बायका मागे भिंतीला टेकून बसायच्या. काही विचारलं की एकच उत्तर, "तुमी ठरवाल ते."

मग एका गावात देवळापुढचं अंगण झाडून घेतलं आणि म्हटलं, गावाचा नकाशा तुम्हीच काढा. पुरुषांनी खडूने काढला: देऊळ, पंचायत, डांबरी रस्ता. बायकांनी शेजारी रांगोळीने वेगळा काढला, तो विहिरीपासून. मग ओढ्यापलीकडचा झरा, तिथवर जाणारी पायवाट. उन्हाळ्यात पहाटे चारला तिथेच नंबर लावावा लागतो. पुरुषांच्या नकाशात तो झराच नव्हता.

नंतर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखले. पाण्यासाठी जितकी वणवण, तितके चिंचोके. एका आजीने पौषातले चार चिंचोके उचलून वैशाखात टाकले. समोरचीला म्हणाली, "तुझ्या दारात नळ हाय, तुला काय ठावं?" त्यावर अर्धा तास वाद रंगला. मी एक शब्द बोलले नाही. खरी बैठक तीच होती. चिंचोके मोजणं हे नुसतं निमित्त.

गावकऱ्यांनीच असे नकाशे काढून आपल्या गावाचा अभ्यास करायचा, याला पीआरए (सहभागी ग्रामीण मूल्यांकन) म्हणतात. ही पद्धत जगभर नेणारे रॉबर्ट चेंबर्स सांगत आले की काठी, म्हणजे सूत्रं, लोकांच्या हाती द्या. आपल्याकडे मात्र शिवारफेरी तासाभरात उरकते, फोटो निघतात, नकाशा गुंडाळून साहेबांच्या गाडीत जातो. याचा मला मनापासून राग येतो.

आणि कृपा करून हात वर करून मतं मागू नका. सासऱ्यासमोर सून हात वर करत नाही, चिंचोका मात्र टाकते. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे, पण ती कागदावर उरकली तर काय उपयोग? गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव बघा. तिथे अभ्यास गटात आधी भरपूर चर्चा होते आणि ग्रामसभेत बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय होतो. वेळ लागतो. लागू दे.

त्या दिवशी उठण्याआधी आठवीतल्या एका मुलीने दोन्ही नकाशे वहीत उतरवून घेतले. वही बचत गटाच्या पेटीत ठेवली. मी फक्त मोबाईलवर फोटो घेतला, तोही त्यांना विचारून.