जिमखान्याच्या भिंतीवरचे फोटो

कॉलेजच्या जुन्या खेळाडूंनी नव्या पोरांना पुढची वाट दाखवावी का, हा विषय निघाला तो एका गुडघ्यावरून. कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर आम्ही चौघं रोजचेच. मास्तर, म्हणजे तालुक्याच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले फिजिकल डायरेक्टर. बापू, एकेकाळचा युनिव्हर्सिटीच्या कबड्डी संघातला रेडर, आता शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर. बँकेतली अक्का, खो-खोची. आणि मी, आठशे मीटर पळणारा. त्या दिवशी मास्तरांनी एका पोराला बरोबर आणलं होतं. बी.ए.चं शेवटचं वर्ष, कबड्डीत दोनदा युनिव्हर्सिटीच्या संघात, आणि ऑपरेशन झालेला गुडघा कट्ट्यावर लांब करून बसलेला.

बापूनं विचारलं, "आता पुढं काय?"

"भरती बघतोय," पोरगं म्हणालं. कसली भरती, ते काही त्याला सांगता येईना.

अक्का तिथंच पेटली. "तीन वर्षं ह्याच्या जिवावर कॉलेजनं ढाली आणल्या. ह्याच्या आधी त्याच मैदानावर खेळलेली पोरं आज पोलिसात आहेत, रेल्वेत आहेत, शाळांत आहेत. त्यातल्या एकानं तरी ह्याला पहिल्या वर्षाला अर्धा तास समोर बसवून सांगितलं का, की बाबा, हे असं असतं?"

"माजी विद्यार्थी मेळावा होतो की दरवर्षी," मी म्हणालो.

मास्तर म्हणाले, "होतो. मीच भरवायचो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तक्त्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला १० गुण होते. संघ नोंदलेला आहे का, देणगी किती आली, एवढं लिहून द्यायचं. मग फेटे, नारळ, भाषण, जेवण. खेळाडू पोरं त्या दिवशी खुर्च्या मांडायला असायची. मांडून झाल्या की मागं उभी राहायची. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मी ते बदललं नाही."

मास्तर असं कधी बोलत नाहीत. आम्ही गप्प झालो.

पण बापूला हे मुळातच पटत नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं: ओळखीनं काम करून घ्यायचं म्हणजे वशिला. "पोराला खेळू द्या. पहिल्या वर्षालाच डोक्यात नोकरी घातली की रेडला पाय पुढं पडत नाही. नेमबाज स्वप्नील कुसाळेला कोण सांगत होतं फाईल सांभाळ म्हणून? कांबळवाडीचं पोरगं, नेम धरला आणि पॅरिसला ब्राँझ आणलं."

"कुठल्या साली आणलं?" अक्का.

"२०२४."

"आणि रेल्वेत कधी लागला? २०१५ ला, टीसी म्हणून. पदकाच्या नऊ वर्षं आधी. महिन्याच्या महिन्याला पगार येत होता म्हणून नेम धरता आला, बापू. नोकरी खेळाच्या आड आली नाही, खेळाला आधार झाली."

बापूनं नेमबाज राही सरनोबत आणि जलतरणपटू वीरधवल खाडेचं नाव काढलं. एक उपजिल्हाधिकारी झाली, एक तहसीलदार. दोघंही खेळाच्या जोरावर. खरंच आहे. पण ती आंतरराष्ट्रीय पदकांची वाट. कट्ट्यावर प्रश्न होता तो कॉलेजा-कॉलेजांच्या झोनल, इंटरझोनल स्पर्धा खेळून, फार तर युनिव्हर्सिटीचा ब्लेझर घेऊन घरी येणाऱ्या पोरांचा. दरवर्षी अशी कितीतरी पोरं कॉलेजातून बाहेर पडतात.

इथं मला माझं सांगावं लागलं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, एवढं सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण कुठल्या गटाच्या पदाला कुठल्या पातळीची स्पर्धा चालते, कितवा नंबर लागतो, आणि क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते, हे मला कळलं ते जाहिरात हातात आल्यावर. माझी दोन मूळ प्रमाणपत्रं तेव्हा कॉलेजच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली असलेला क्लार्क रजेवर. मुदत गेली. पुढं कळलं की माझ्या आधी पाच वर्षं त्याच ट्रॅकवर पळालेला एकजण खेळाडू कोट्यातूनच पोलिसात लागलेला होता. माझ्या घरापासून सहा किलोमीटरवर राहायचा. त्यानं मला कुठं चिकटवायला नको होतं. 'कागद आधी ताब्यात घे' एवढं एक वाक्य पुरलं असतं. ह्याला वशिला म्हणायचं का?

बापू बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मला आमच्या कॅप्टननं फौंड्रीत लावला. वर्षभर खात्यातली माणसं मला 'कबड्डीचा जावई' म्हणायची. काम शिकलो, मोल्डिंग शिकलो, तरी म्हणायची. तसं कुणा पोराच्या वाट्याला येऊ नये, एवढंच माझं."

तेव्हा कळलं त्याचा राग कुठून येतो ते. आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहेच. जुना खेळाडू निवड समितीवर बसला की आपल्याच तालमीचं, आपल्याच पेठेचं पोरगं पुढं ढकलतो, हे आम्ही सगळ्यांनीच बघितलंय. म्हणूनच अक्काचा हट्ट असा, की हे चार भिंतींत नको, उघड्यावर असावं. कोण कुठं आहे ते सगळ्या पोरांना दिसलं पाहिजे, फक्त ज्याचा मामा ओळखीचा आहे त्यालाच नव्हे.

मास्तरांनी पैलवान खाशाबा जाधवांची आठवण काढली. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. "आणि ब्राँझ आणल्यावरही पोलिसात फौजदार व्हायला १९५५ साल उजाडलं," मास्तर म्हणाले. "घर गहाण ठेवणारा माणूस एखादाच निघतो. पण फोन उचलणारी माणसं दर बॅचला सात-आठ तरी निघतील की."

त्यांच्या कॉलेजच्या जिमखान्यात भिंतीवर संघांचे फोटो आहेत, काचेच्या फ्रेमा, खाली नावं. मास्तरांची कल्पना अशी, की प्रत्येक नावाखाली एक चिठ्ठी लावायची. सध्या काय करतो, तिथं कसा पोचला, आणि त्याची परवानगी असेल तर फोन नंबर. नुसती सरकारी नोकरीवाली माणसं नकोत. बी.पी.एड. करून शाळेत शिकवणारा हवा, पतियाळाचा एनआयएस डिप्लोमा केलेला कोच हवा, पंच परीक्षा दिलेला हवा, दूध संस्थेतला, टेम्पो चालवणारा हवा. ज्याचं जमलं नाही तो तर आधी हवा, कारण कुठं चुकलं ते तोच नेमकं सांगेल.

"माझ्या नावाखाली काय लिहिणार?" बापूनं विचारलं.

"तू सांगशील ते."

बापू नंबर द्यायला अजून तयार नाही. पण जाताना त्यानं पोराला विचारलं, शिफ्टमध्ये आठ तास उभं राहायला गुडघा साथ देईल का, आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय. पोरगं म्हणालं, डॉक्टरांना हे विचारलंच नाही.

रविवारी मास्तरांच्या घरी आम्ही १९९८ च्या फोटोपासून सुरुवात केली. बारापैकी सातजणांचा पत्ता लागला. एकाचा फोन त्याच्या बायकोनं उचलला, म्हणाली, ते ड्युटीवर आहेत, पण कॉलेजातून आलाय म्हटल्यावर नक्की फोन करतील. पोरगं मंगळवारी मूळ प्रमाणपत्रं घेऊन अक्काच्या बँकेत येणार आहे, लंच टायमाला.