स्थिर चित्रं म्हणजे स्लाइड शो नव्हे
‘बेलाडोना ऑफ सॅडनेस’ (१९७३) हा जपानी ॲनिमेशनपट निव्वळ स्लाइड शो आहे, हे त्याच्यावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. दिग्दर्शक एइची यामामोटोंनी कॅमेरा चित्रकार कुनी फुकाईंच्या जलरंगातल्या लांबलचक चित्रांवरून सरकवत नेलाय, एखादी गुंडाळी हळूहळू उलगडावी तसा. म्हणूनच जिथे चित्र हलतं तिथे अंगावर येतं. लग्नाच्याच दिवशी तिथला सरदार नायिकेवर, झानवर, अत्याचार करतो तेव्हा तिचा देह लाल रेघेने मधोमध चिरत जातो आणि त्या लालातून वटवाघळं उडतात. ते दृश्य बघून मी कितीतरी वेळ गप्प बसले होते. आणि शेवटी तिला जाळताना गर्दीतल्या बायकांचे चेहरे एकेक करून झानचे होतात, त्याबद्दल लेखात एक ओळही नसावी? मुलांसोबत मात्र बघू नका.