रीलवरच्या पैलवानासाठी काही सूचना

भावा, तू फेमस व्हायचं मनावर घेतलंयस हे तुझ्या केसांवरूनच कळलं. बाजूनं मशीन, वर कोंबडा आणि गालावर पट्टी लावून आखल्यासारखी दाढी. अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्या कामासाठी या धंद्यात वस्ताद मिळत नाही, म्हणून म्हटलं आपणच चार गोष्टी सांगाव्यात. आम्हा बायकांचा यातला अनुभव दांडगा आहे. तुझ्यासारख्यांचे व्हिडिओ आम्ही शेवटपर्यंत बघतो. तुझ्या दोस्तांसारखं न बघताच लाइक ठोकून पुढं जात नाही.

आधी आईबापानं ठेवलेलं नाव टाकून दे. त्या नावानं बँकेची नोटीस येते, फॉलोअर येत नाहीत. 'किंग', 'सरकार', 'डॉन', 'वाघ' यातलं एखादं घे. राधानगरीचं अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. वाघ बघायचे तर आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या पोरांची प्रोफाइलं उघडावीत. नावाखाली 'आई हेच माझं दैवत' हे लिहायलाच पाहिजे. ते एकदा लिहिलं की दुसऱ्याच्या आईबहिणीवरून कमेंटी टाकायला माणूस मोकळा. फक्त स्टेटस ठेवताना दैवताला हाइड करायला विसरू नकोस. दैवत कोपलं की पेट्रोलचे पैसे बंद होतात.

शूटिंगला रंकाळाच बरा. बुलेट मावसभावाची चालते. संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाणाऱ्या लोकांमधून तू सावकाश चालत यायचंस, मागं हलगी वाजणार. इथं एक तांत्रिक गोष्ट सांगते. चालायचं नेहमीसारखंच असतं, सावकाश करायचं काम मोबाईलचं. बरीच पोरं हे विसरतात आणि स्वतःही सावकाश चालतात. मग रील संपली तरी ती कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

चालून झालं की बोलायचं. मोठा माईक घे, तो कशालाही जोडलेला नसला तरी हरकत नाही. विषय एकच, 'बायकांना नेमकं काय पाहिजे असतं'. ज्याची बनियन अजून आई कपाटातून काढून देते, त्यानं हे सांगितलं की वजन पडतं. बायकांशी बोलून खात्री करून घ्यायच्या फंदात पडू नकोस. त्यानं विषय हार्ड राहत नाही.

आणि दर दोन वाक्यांमागं 'अल्फा' म्हण. मात्र हे अल्फा कुठून आलं असं कुणी विचारलं तर लगेच मिसळीवर घसर, कारण ती गोष्ट तुझ्या सोयीची नाही. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकानं बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ साली लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेली जनावरं एका आवारात कोंडल्यावर जे व्हायचं तेच तिथं दिसलं. गुरगुरणं, चावाचावी आणि सगळ्यांच्या वर एक दादा, तोच हा अल्फा. पुढं डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकाच्या १९७० सालच्या पुस्तकानं ही कल्पना सगळीकडं नेली. मग हेच मेकसाहेब उत्तर ध्रुवाकडच्या एल्समेअर बेटावर तेरा उन्हाळे मोकळे लांडगे बघत बसले आणि १९९९ साली त्यांनी स्वतःच लिहून टाकलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पिल्लं. दादागिरी करून वर चढलेला कुणी तिथं नसतो, बापाला पिल्लं मान देतात एवढंच. आपलं छापलेलं पुस्तक आता बंद करा म्हणून ते प्रकाशकाच्या मागं लागले होते. म्हणजे शास्त्राप्रमाणं आमच्या गल्लीतला अल्फा कोण, तर सकाळी दोन पोरांना स्कूटरवर पुढंमागं बसवून शाळेत सोडणारा आणि येताना दूध-कोथिंबीर आणणारा. त्याचे फॉलोअर दोनच, आणि दोघांचीही दप्तरं त्याच्याच खांद्यावर. हे तू कुठं बोलू नकोस. कोंडलेल्या आवारातल्या लांडग्यावरच राहा, कमेंटींत तेच वातावरण जुळतं.

तालमीच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नकोस. कोल्हापूरचा माणूस मर्दानगी म्हटलं की खासबागेकडं बोट दाखवणार. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ सालचं मैदान, मधे हौदा, भोवती गोल बसलेली माणसं. तिथं उतरायचं तर आधी पहाटे उठून माती उकरावी लागते. मग जोर, बैठका, वस्तादाच्या शिव्या. एवढं करून हातात काय, तर समोरचा एखादा शाळकरी दिसणारा पोरगा पट काढून सगळ्या गावादेखत पाठ टेकवतो. पाठ टेकली की निकाल. उठायचं, अंगाची माती झाडायची, त्याच्याशी हात मिळवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माती उकरायला जायचं. हे सगळं तुझ्या करिअरला घातक आहे. मोबाईलवर पाठ टेकायला मातीच नाही. तू अंथरुणात पडल्या पडल्या शड्डू ठोकू शकतोस. समोरच्या बाईनं मुद्द्यानं चीत केलं तर 'ही बघा चिडली' असं लिहायचं, आणि तरीही ती हटेना तर तिला ब्लॉक करून 'पळाली' अशी स्टोरी टाकायची. पंच तूच, हलगीवाला तूच, फेटा बांधणाराही तूच. खासबागेत असा पैलवान आजवर झाला नाही.

आता कमेंटींचं बघू. बाई कोण आहे हे न बघता सल्ला द्यायचा, हा त्यातला पहिला डाव. तेजस्विनी सावंत आपल्या कोल्हापूरच्या. २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये त्यांनी जागतिक सुवर्णपदक मिळवलं. राही सरनोबतही इथल्याच. २०१८ साली पालेम्बांगला पंचवीस मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्ण मिळवलं, आणि आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण आणणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आता तुझा नेमबाजीचा अनुभव म्हणजे जोतिबाच्या यात्रेत फोडलेले तीन फुगे, त्यातला एक शेजारच्यानं फोडलेला. तरी बिचकू नकोस. 'मॅडम, खांदा जरा सैल सोडा' असं लिही. आणि त्याखाली 'थोडं हसत जावा, छान दिसाल'. समोरच्या बाईच्या हातात पिस्तूल असताना हे म्हणायला काळीज लागतं. तेच तर तुला दाखवायचंय.

तुझे कष्ट वाया जातात असंही समजू नकोस. आमच्या भिशीत दर महिन्याला अशा कमेंटींचं जाहीर वाचन असतं. ज्याची सर्वात ठसकेबाज त्याच्या नावानं भडंगाचं पाकीट फोडतो. मागं एकदा सलग दोन महिने एकाच पठ्ठ्यानं बक्षीस मारलं. गेले काही दिवस तो गप्प आहे. लग्न ठरलंय म्हणतात. आम्हाला त्या पोरीची काळजी, आणि खरं सांगू का, थोडी करमणुकीचीही.

एक धोका तेवढा आधीच सांगून ठेवते. कोल्हापुरात बऱ्याच पोरी 'मी आलो, मी जेवलो, मी तुला सांगतो' असंच बोलतात, आणि लिहितातही तसंच. माझ्या भाचीनं मिसळीच्या कटावरून कुणाशी तरी वाद घातला. तिच्या प्रोफाइलला फोटो पन्हाळ्यावरच्या धुक्याचा. एक 'वाघ' तिच्या मदतीला धावून आला. 'भावा एकच नंबर बोललास', 'भावा नाद खुळा', 'भावा असल्या लोकांना असंच ठोकायला पाहिजे'. तीन दिवस हे भाऊबंदपण चाललं. चौथ्या दिवशी भाचीनं साडीतला फोटो टाकला. त्याच वाघाला त्याच कटाविषयीच्या त्याच वाक्यांत एकदम अक्कल दिसेनाशी झाली. 'पोरींना काय कळतंय मिसळीतलं' असं लिहून तो गेला. तेव्हा कुणाला भावा म्हणायच्या आधी जरा खातरजमा कर. नाहीतर चुकून एखाद्या बाईचं म्हणणं पटायचं.

ताई, तुम्हीही वाचताय ना? तुमच्यासाठी वेगळ्या सूचना काढायची गरज नाही, त्या तुम्हाला लहानपणापासून पाठ आहेत. व्हिडिओ टाकण्याआधी ओढणी, मागची भिंत, दोरीवरचे कपडे, दिरांचा मूड आणि आत्याबाईंचं मत तपासायचं. तोवर दिवस मावळतो, आणि तेवढ्या वेळात हा भाऊ टॉवेलवर तीन व्हिडिओ टाकून मोकळा झालेला असतो. हजार लोकांनी बघितलं की तो स्टार. तुमचं लाखभर लोकांनी बघितलं की 'पोरगी हाताबाहेर गेली'. हे आजचं नाही. याच गावातल्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली आपला पहिला चित्रपट पडद्यावर आणला. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करायचे, असा तो काळ. पेंटरांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना कॅमेऱ्यासमोर उभं केलं, आणि पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. तेव्हा काम करणाऱ्या बाईला दुसरं नाव घ्यावं लागत होतं. आता तिला शिव्या देणाऱ्याला घ्यावं लागतं. काहीतरी प्रगती आहे म्हणायची.

भावा, तू परत इकडं ये. 'बायकांच्या हातात कारभार दिला की वाटोळं' हा व्हिडिओ कुठंही काढ, फक्त कावळा नाक्यावर काढू नकोस. तिथं मागच्या बाजूला घोड्यावर बसलेल्या ताराराणी फ्रेममध्ये येतात. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणींचं वय पंचविशीच्या आसपास. तिथून १७०७ साली औरंगजेब मरेपर्यंत त्यांनी त्याला दख्खनमध्ये झुंजवत ठेवला. त्या बिचाऱ्याकडं तर ब्लॉक करायचीही सोय नव्हती.

राहता राहिला कायदा. तो तुझ्यासारख्या कलावंताला समजून घेत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. बाईनं स्पष्ट नको म्हटल्यावरही तिला पुन्हा पुन्हा मेसेज करणं, ती नेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हे या संहितेच्या कलम ७८ मध्ये बसतं. पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलंस तर पाच वर्षांपर्यंत. यावर 'हल्ली बायकांचे कायदे फार झालेत' असं म्हणायची पद्धत आहे. म्हण, पण कोल्हापुरात जरा दबक्या आवाजात म्हण. बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा या संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ सालीच केला होता.

पण घाबरू नकोस, कारण तुझी खरी प्रसिद्धी तिथूनच सुरू होते. पोलीस ठाण्याचं बोलावणं आलं की 'अकाउंट हॅक झालं होतं', 'धाकट्या भावानं टाइप केलं', 'मजेत म्हटलं होतं' ही तीन वाक्यं याच क्रमानं वापर. ती संपली की हात जोडून माफीचा व्हिडिओ. त्याला गॉगल नको, हलगी नको, मोबाईलही सावकाश करायचा नाही. साधा चौकड्याचा शर्ट, केसांना तेल आणि पहिल्याच वाक्यात आईबापानं ठेवलेलं पूर्ण नाव. तुझ्या रंकाळ्यावरच्या सगळ्या व्हिडिओंना मिळून जेवढे व्ह्यूज आले नाहीत तेवढे हा एकटा खेचतो, आणि सगळे शेवटपर्यंत बघतात. शक्यतो महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चारनंतर टाक. भिशी त्याच दिवशी असते, म्हणजे सगळ्याजणींना एकत्र बघता येईल. टॅग मात्र आठवणीनं कर.