बोटुकली सोडून नाग नदी जिवंत होत नाही

पावसाळा तोंडावर आला की नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत टेनेसी राज्यात नामशेष झालेले मासे टाक्यांत वाढवून सोडले आणि नदी जिवंत झाली. आपणही लोणावळ्याहून महसीर माशाची लाखभर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून नाग आणि कन्हानमध्ये सोडू. मासे घाण खातील, तीन वर्षांत पाणी स्वच्छ होईल, मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना रोजगार मिळेल. मग कोट्यवधींचे प्रकल्प हवेत कशाला? पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्यावर वाद नाही. वाद बाकी सगळ्यावर आहे.

टेनेसीपासून सुरू करतो, कारण ती गोष्ट खरी आहे आणि नेमकी या मेसेजच्या उलट जाते. एब्राम्स क्रीक हा तिथल्या राष्ट्रीय उद्यानातला ओढा. 1957 मध्ये खाली चिलहोवी धरण भरायच्या आधी सरकारी यंत्रणेनेच त्यात रोटेनोन हे विष सोडलं, का तर गळ टाकणाऱ्या शौकिनांना ट्राउट मिळावेत. देशी मासे गेले. त्यात स्मोकी मॅडटॉम नावाचा बोटाएवढा, मिशावाला मासा होता. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं 1969 मध्ये, तेव्हा तो संपला असंच सगळे धरून चालले होते. 1980 मध्ये तो जवळच्या सिटिको क्रीकमध्ये सापडला. मग लोक पाण्यात तोंड घालून चपटे दगड उचलू लागले. या माशाचा नर दगडाखाली अंडी राखत बसतो. ती अंडी आणून पिल्लं वाढवली आणि 1986 पासून ओढ्यात सोडायला सुरुवात झाली, तीही वर्षानुवर्षं. चार जाती सोडल्या, तीन रुजल्या. चौथी, स्पॉटफिन चब, काही केल्या टिकली नाही.

म्हणजे मासे सोडले तेव्हा ओढा स्वच्छच होता. विष केव्हाच वाहून गेलं होतं आणि भोवती राखलेलं जंगल होतं.

आता ‘मासे घाण खातात’. सांडपाण्यातले जिवाणू घाण कुजवताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची अट लिटरला किमान 4 मिलिग्रॅम विरघळलेल्या ऑक्सिजनची आहे, आणि मुक्त अमोनिया 1.2 मिलिग्रॅमच्या वर नको. शहराचं मैलापाणी घेऊन वाहणाऱ्या नाग नदीत महसीर घाण खायला उरणारच नाही. तिथे टिकला तर थाई मागूर टिकेल. तो हवेतूनही श्वास घेतो, आणि त्याच्या पालनावर देशात 2000 सालापासून बंदी आहे. नागपूरच्या भांडेवाडी सांडपाणी केंद्रात शुद्ध केलेलं बरंचसं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं, हेही लक्षात घ्या. स्वच्छ झालेलं पाणी नदीच्या वाट्याला येतं किती, याबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळ नाही.

लोणावळ्याच्या महसीरबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. तिथल्या वळवणच्या मत्स्यपैदास केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची पैदास होते, आणि ते काम खरोखर मोठं आहे. पण तिथला निळ्या परांचा महसीर कावेरीत सोडला गेला, तिथे तो फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर मागे पडत गेला. 2018 मध्ये त्या कावेरीच्या माशाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. लोणावळा कृष्णेच्या खोऱ्यात, आपली कन्हान वैनगंगेतून गोदावरीच्या खोऱ्यात. भारतातला मासा म्हणून तो प्रत्येक नदीत देशी ठरत नाही. सोडायचाच तर याच खोऱ्यातल्या माशाची पैदास करून सोडा.

लाखभर हा आकडाही फोटोपुरता. बोटुकली ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येतात. पिशवी न फोडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं तापमान जुळू द्यायचं, मग थोडं थोडं नदीचं पाणी आत घ्यायचं. कार्यक्रमांत काय होतं? पाहुणे पिशवीचं तोंड कापतात, काठावरून ओततात, टाळ्या. आयुष्यभर टाकीत आयतं खाद्य खाल्लेल्या पिल्लाला शिकारी मासा ओळखता येत नाही, तो भाग वेगळाच. शिवाय वाचलेली पिल्लं मोठी होऊन पहिल्या पुराबरोबर वर चढू पाहतील, तर वाटेत धरणं-बंधारे आहेत. कन्हानची वाळू तर अंडी घालायच्या जागेसकट ट्रकमध्ये भरली जाते.

रोजगाराचं म्हणाल, तर ढीवरांच्या सोसायट्या तलावांत रोहू-कटल्याचं बीज टाकतातच. तो धंदा आहे, आणि धंदा म्हणून ठीक आहे. त्याला नदीचं पुनरुज्जीवन म्हणू नका.

पुढच्या वेळी हा मेसेज आला तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: भाऊ, मे महिन्यात, पहाटे, पारडीच्या पुलाखाली ऑक्सिजन किती भरतो? पहाटेच विचारायचं, कारण पाण्यातला ऑक्सिजन तेव्हाच सगळ्यात कमी असतो. तो आकडा सलग काही उन्हाळे 4 च्या वर राहिला, की पिशव्या उचलायला या.