आरक्षणाला आयुष्य दहा वर्षांचं

आज सकाळी आमच्याकडच्या मैदानाच्या आरक्षणाला, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात मैदानासाठी राखलेल्या जागेला, पत्रे ठोकले. आत जेसीबी, बाहेर थ्री बीएचकेचा फ्लेक्स. ग्रुपवर लगेच सुरू: बिल्डरने पैसे चारले. चारलेही असतील. पण हे सगळं एक रुपया न चारता, कायदेशीर होऊ शकतं, आणि डोकं तिथेच फिरतं.

विकास आराखड्यात रंग भरला म्हणून जागा महापालिकेची होत नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 127 वाचा. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, की मालक मालकीचे कागद जोडून पर्चेस नोटीस देतो: जागा घ्या, नाहीतर सोडा. मग महापालिकेच्या हातात चोवीस महिने. (आधी सहाच होते, मग बारा झाले.) तेवढ्यात संपादन मार्गी लागलं नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. शेजारी पिवळा (रहिवासी) पट्टा असेल तर मैदानही पिवळं!

महासभेत ठराव केला म्हणजे संपादन झालं, असं समजणाऱ्यांना काय म्हणावं? भूसंपादनाची अधिसूचना निघावी लागते. तोवर फाइल नगररचना, स्थायी, महासभा, कलेक्टर कचेरी, मोजणी अशी फिरत असते. मोबदला 2013 च्या कायद्याने, शहरात बाजारभावाच्या दुप्पट. तिजोरीत तेवढे नाहीत, म्हणून महापालिका म्हणते ‘टीडीआर घ्या’, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. टीडीआरचा भाव पडलेला असला की मालक म्हणतो रोख द्या, आणि त्याच्यावर सक्ती करता येत नाही. या मैदानाचं तेच झालं. चोवीस महिने टेबलावरच सरले.

आता मालकाच्या बाजूने म्हणाल तर तोही चूक नाही. आरक्षणाच्या जागेवर बांधता येत नाही, विकायला काढली तर गिऱ्हाईक निम्म्या भावानेही उभं राहत नाही. आपल्या पोरांना खेळायला मैदान हवं म्हणून त्याने वर्षानुवर्षं फुकट का अडकून बसायचं? बरं, मान्य.

पण हिरव्या (शेतीच्या) पट्ट्यात गुंठे पाडणाऱ्यांबद्दल मात्र मला अजिबात दया नाही. 1089 चौरस फुटांचा तुकडा, स्टॅम्पपेपरवर नोटरी, पंधरा फुटांची गल्ली. आराखड्यातला बारा मीटरचा रस्ता मग कुणाच्या तरी ओट्यावरून जातो. असे तुकडे नियमित करणारा गुंठेवारी कायदा 2001 चा, कधीपर्यंतचे तुकडे चालतील ती मुदतही 1 जानेवारी 2001 ची. 2021 मध्ये ती 31 डिसेंबर 2020 वर नेली. एकदा सरकली ती परत सरकेल, या हिशेबानेच पुढचे गुंठे पडतात.

नाशिकचा सुधारित आराखडा 2017 चा. दहा वर्षं भरतात 2027 ला, ऐन सिंहस्थात. तेव्हा सगळी यंत्रणा साधुग्राम आणि घाटांत गुंतलेली असणार, आणि नोटिसा इकडे आवक-जावकला पडत राहणार.

बिल्डरला शिव्या घालून झाल्या असतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका: आपल्या प्रभागात कलम 127 च्या नोटिसा कोणत्या सर्व्हे नंबरवर, कोणत्या तारखेला आल्या, संपादनाचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, फी दहा रुपये.